मंडळीची पंगत सुरू करताना

नागपुरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत जुलै 2024 पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर, चर्चच्या सभागृहात पंगत बसते. तिला कूपन नसते, निमंत्रणपत्रिका नसते, आणि येणारा ख्रिस्ती आहे की नाही हे कोणी विचारत नाही. कल्पना सुचल्यापासून पहिले ताट वाढेपर्यंत जवळजवळ वर्ष गेले आणि त्यातला मोठा भाग अर्ज, बैठका, सह्या आणि वाट पाहणे यांत गेला. हे आधी केलेल्या कोणाचा मराठीत लिहिलेला अनुभव तेव्हा हाती लागला असता तर आमची बरीच धावपळ वाचली असती. म्हणून जे घडले ते क्रमाने नोंदवत आहे.

सुरुवात सप्टेंबर 2023 मधील एका घरगुती बायबल अभ्यासात झाली. आम्ही करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र वाचत होतो. त्याच्या अकराव्या अध्यायाची आठवण आपल्याला प्रभुभोजनाच्या विधीपुरती राहते, परंतु हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेथे मुळात जेवणावरून रागावला आहे. करिंथमध्ये काही जण आपापले आणलेले आधीच खाऊन मोकळे होत आणि काही उपाशी राहत. त्यावर त्याने दिलेली सूचना अगदी साधी आहे, ती म्हणजे जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. हे वाचून आमच्यातील एक निवृत्त परिचारिका मावशी म्हणाल्या, की प्रभुभोजनात आपण एका भाकरीतून घेतो आणि दहा मिनिटांच्या आत गाड्या काढून निघून जातो, मग थांबतो कुठे? त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही आणि नंतर सगळेच एकदम बोलू लागले.

पहिल्या शतकात प्रभुभोजन आणि पोटभर जेवण ही एकाच बैठकीतली गोष्ट होती. पुढे ती वेगळी झाली. 18व्या शतकात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी आणि त्यांच्यापासून जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट मंडळ्यांनी प्रीतिभोजनाची, म्हणजे मंडळीने एकत्र बसून साधे जेवण करण्याची, प्रथा पुन्हा सुरू केली. हा इतिहास मी मुद्दाम टिपून ठेवला, कारण "हे नवीन खूळ कशाला?" हा प्रश्न कमिटीत येणार याची खात्री होती. तो आलाच.

अर्ज करण्यापूर्वी कोठेतरी प्रत्यक्ष पाहावे असे ठरले, आणि त्यासाठी नागपूरकराला लांब जावे लागत नाही. 24 ऑक्टोबर 2023 रोजी, दसऱ्याला, आम्ही काही जण दीक्षाभूमीच्या परिसरात गेलो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणाऱ्या अफाट गर्दीसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेवणाचे मंडप लागलेले असतात, आणि ते चालवणारे बहुतेक लोक पदरमोड करून आलेले असतात. एका मंडपातील कार्यकर्त्याला आम्ही आमचा बेत सांगितला. भाताच्या गंजातून डोळे न काढता तो म्हणाला, "तांदळाचं मागून पाहा जी. पाणी कुठून येते अन् लोक हात कुठं धुतील, ते आधी पाहा." वर्षभरात मिळालेला हा सर्वांत उपयुक्त सल्ला होता. आमच्या सभागृहाबाहेर एकच नळ होता. नवीन तोट्या बसवण्याचा खर्च, 3,400 रुपये, आमच्या अंदाजपत्रकात सर्वांत वर गेला.

नोव्हेंबरमध्ये पास्टरेट कमिटीकडे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे, लेखी अर्ज दिला. अर्ज तोंडी विनंतीपेक्षा नेहमीच बरा, कारण तोंडी विनंती बैठकीच्या शेवटी "इतर विषयां"त जाते आणि तेथेच राहते. त्या महिन्यातच अर्ज देण्याचे आणखी एक कारण होते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, ती नागपुरातच. ज्या गावात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट अशा लोकांनी एका मेजाभोवती बसण्याचे ठरवले, त्या गावात एका पंगतीला इतके घाबरू नये, असे एक वाक्य मी अर्जात घातले होते. पाळकसाहेबांनी ते हसून वाचले आणि अर्ज नाताळानंतरच्या बैठकीत घेऊ असे सांगितले. डिसेंबरमध्ये कोणत्याही मंडळीत दुसरे काही होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

जानेवारीतील बैठक लांबली. खर्च, सुरक्षितता आणि सभागृहाची मालकी ट्रस्टकडे असल्याने त्यांची ना-हरकत, हे आक्षेप अपेक्षित होते. खरी भीती मात्र वेगळीच होती आणि ती एका ज्येष्ठ सभासदांनी स्पष्ट बोलून दाखवली: आपण जेवू घातले तर लोक म्हणतील की हे धर्मांतरासाठी चालले आहे. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती. शेवटी असे ठरले की पंगतीत पत्रके वाटायची नाहीत, भाषण करायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, जेवणाआधीची आभारप्रार्थना छोटी ठेवायची आणि स्थानिक पोलीस ठाण्याला उपक्रमाचे माहितीपत्र द्यायचे. त्याच बैठकीत एका काकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढली. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. त्यांच्याकडे परत राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली होती, आणि टिळकांनी ती ठेवू दिली. काकांचे म्हणणे असे, की कोण कोणाच्या हातचे खातो हा प्रश्न आपल्या घरात इतका जुना आहे, तर दुसऱ्याने संकोच केला म्हणून आपण रुसू नये. मला हे फार पटले.

4 फेब्रुवारी 2024 रोजी अटींसह मंजुरी मिळाली: सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर, दानपेटीतील पैसा वापरायचा नाही, आणि हिशेबाची वही वेगळी.

आता अन्न नोंदणीविषयी, कारण याबद्दल सर्वाधिक गैरसमज आढळतात. आपण अन्न विकत नाही, मग नोंदणी कशाला, असे आम्हालाही वाटत होते. परंतु अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे आणि त्याखालील 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांत लहान अन्न उत्पादकाच्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाराही येतो. आमच्या वेळी नोंदणीचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. अर्ज फॉस्कॉस या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होतो. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. जागा ट्रस्टची असल्यामुळे आम्हाला ट्रस्टचे ना-हरकत पत्र जोडावे लागले आणि त्या एका पत्राने तीन आठवडे घेतले. म्हणून हे पत्र सर्वांत आधी मागावे. अर्ज भरल्यावर अधूनमधून स्वतः लॉगिन करून त्रुटी निघाली आहे का ते पाहत राहावे. संदेशाची वाट पाहत बसू नये. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची सूचना काढायची होती. आमच्याकडे तपासणी निघाली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अन्न सुरक्षा अधिकारी आले. मंडळींच्या मनात छापा पडल्यासारखी धास्ती होती; प्रत्यक्षात ते शांतपणे फिरले, पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारले, मोरीच्या तोंडाला जाळी बसवायला सांगितली, गॅसची नळी हाताने वाकवून तिला चिरा आहेत का पाहिले, आणि स्वयंपाक करणाऱ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रे मागितली. ती आम्ही आधीच करून घेतली होती, विषमज्वराच्या लसीसह. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहून ठेवा, असे त्यांनी जाताना सांगितले. महिन्याच्या मध्याला प्रमाणपत्र हाती आले. ते चौकट करून स्वयंपाकघरात लावले आहे.

तेवढ्यात 16 मार्च रोजी लोकसभा निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागू झाली. नागपूरचे मतदान 19 एप्रिलला होते. निवडणुकीच्या दिवसांत फुकट जेवणाकडे कोणीही वेगळ्या नजरेने पाहणार, म्हणून ईस्टरला सुरू करण्याचा बेत कमिटीने पुढे ढकलला. मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात सभागृहाच्या पत्र्याखाली मोठा स्वयंपाक करण्याचा प्रश्नच नव्हता. मी फार हिरमुसले होते. अनेकांच्या उत्साहाची धार या थांबण्यात बोथट होते, आमच्याही दोघी-तिघी याच काळात गळाल्या.

मात्र याच रिकाम्या काळात एक जेवण झाले, ज्याने पुढच्या पंगतीची रीत ठरली. आमच्या शेजारी केरळातील सिरियन ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांच्याकडे पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, पेसहा अप्पम करतात: तांदूळ आणि उडदाची बेखमीर भाकरी, वर झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मिळालेल्या पानाचा क्रूस, आणि सोबत नारळाचे दूध व गूळ घालून केलेले पातळ पेय. घरातील वडीलधारा प्रार्थना करून ती कापतो आणि वयाच्या क्रमाने वाटतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे ही भाकरी करत नाहीत, शेजारचे ख्रिस्ती कुटुंब आणून देते. त्या घरच्या चेचींच्या (मल्याळममध्ये चेची म्हणजे ताई) सासूबाई जानेवारीत वारल्या होत्या. त्यामुळे 28 मार्चच्या रात्री, त्या घरची चूल त्या एका पदार्थासाठी बंद असताना, मेकोसाबागेतून त्यांचे परिचित झाकलेले ताट घेऊन आले, आणि चेचींनी आम्हालाही बोलावले.

मी हातात काही तरी घेऊन जावे म्हणून खीर केली होती. चेचींनी ती घेतली, बाजूला ठेवली आणि मला बसवले. मी उठून वाढू लागले तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवले. ज्या घरात दुःख आहे ते घर दुसऱ्याच्या हातचे खात होते आणि त्यातलाच तुकडा आम्हाला देत होते; आपल्याकडेही मृत्यूनंतर शेजारी पिठले-भाकरी आणून देतात, पण त्या भाकरीच्या पंगतीला कोणी पाहुणा बोलावत नाही. तेथे काहीही करायचे नाही, नुसते घ्यायचे, हे मला इतके अवघड जाईल असे वाटले नव्हते. घरी येऊन मी लूकचे शुभवर्तमान पुन्हा चाळले. त्यात प्रभू येशू सतत जेवताना दिसतो, आणि बहुतेक वेळा तो यजमान नसतो: लेवीकडे, शिमोन परूशाकडे, मार्थेच्या घरी, जक्कयाच्या घरी तर स्वतःहून आलेला. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांनी तर त्याला अनोळखी प्रवासी समजून आग्रहाने थांबवले, आणि पानावर बसल्यावर त्या पाहुण्यानेच भाकरी घेऊन, आशीर्वाद मागून, मोडून त्यांना दिली. तेव्हा कुठे त्यांनी त्याला ओळखले. आम्ही आखलेल्या पंगतीत मात्र आम्ही सगळे उभे आणि येणारे सगळे बसलेले होते. तसे वाटप शहरात ठिकठिकाणी होते आणि त्याची गरजही आहे. आम्हाला करायचे होते ते मात्र वेगळे होते.

पुढच्या बैठकीत म्हणून एक नियम मांडला: मंडळीतील कोणीही पूर्ण वेळ वाढपी राहणार नाही. निम्मे आधी बसतील, निम्मे वाढतील, मग अदलाबदल. आणि येणाऱ्यांपैकी कोणी वाढायला उठला तर त्याला थांबवायचे नाही. याला विरोध जास्त झाला. सेवा करायची तर नीट करा, पाहुण्यांना कामाला कशाला लावता, असे सगळ्यांत कष्टाळू मावशींचेच म्हणणे होते.

जेवण शाकाहारी ठेवावे यावरही बरीच चर्चा झाली. नागपुरात ख्रिस्ती पंगत म्हटली की मटण धरलेलेच असते. परंतु जवळ मोमिनपुरा, पलीकडे मारवाडी दुकानदार, समोर बौद्ध वस्ती. सर्वांना निःशंक बसता यावे म्हणून साधे वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, पोळी आणि कोशिंबीर ठरली. साठ जणांचा अंदाज धरून सहा किलो तांदूळ, तीन किलो तूरडाळ. भाजी पहाटे कॉटन मार्केटमधून आणली, पोळ्या जवळच्या महिला बचत गटाकडून नगाला पाच रुपयांनी घेतल्या, आणि मोठ्या देगच्या भाड्याने मोमिनपुऱ्यातून. भांडीवाल्या चाचांनी कशासाठी हव्यात ते विचारले आणि एक देगची जास्त पाठवली, तिचे भाडे लावले नाही. पहिला खर्च सगळा मिळून 4,300 रुपयांच्या आसपास गेला. घरगुती सिलिंडर अशा कामाला चालत नाही, व्यावसायिकच घ्यावा लागतो. तसेच माणसे 100 पेक्षा जास्त होणार असतील तर तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे महापालिकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागत होते. आमची संख्या कमी असली तरी ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याचे डबे आम्ही पहिल्या दिवसापासून मांडले.

7 जुलै 2024. सकाळपासून पाऊस होता. उपासनेला नेहमीपेक्षा कमी लोक आले आणि त्यांतलेही काही प्रार्थना संपताच छत्र्या उघडून निघाले. मेयो रुग्णालय आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील रुग्णांच्या नातेवाइकांना आदल्या दिवशी भेटून सांगितले होते. भंडारा, गोंदिया, बालाघाट, शिवनी अशा ठिकाणांहून आलेली ही माणसे दिवसचे दिवस आवारात काढतात. साडेबारापर्यंत आठ-दहा जण दारात येऊन उभे राहिले. आत यायला कोणी तयार नव्हते. चपला कुठे काढायच्या, यादीत नाव कुठे लिहायचे, असे ते विचारत होते. यादीच नाही म्हटल्यावर ते अधिकच संकोचले. शेवटी आमच्या रविवारशाळेतील मुले आधी जाऊन पट्ट्यांवर बसली, आणि मुलांना बसलेले पाहून मोठी माणसे आली.

पहिली वाढणी आमची झाली. भंडाऱ्याकडचे एक काका ताटासोबत स्टीलचा डबा पुढे करून बसले होते. पत्नी वॉर्डात होती, तिच्याजवळ सून होती. आम्ही आधीच ठरवले होते की डबा भरून द्यायचा, पण इथले जेवण झाल्यावर. त्यांनी वरण-भात कालवला, दोन घास घेतले, मग डब्याकडे पाहिले, झाकण नीट लागते का ते तपासले आणि पुन्हा जेवू लागले. निम्मे लोक उठल्यावर आमची पाळी आली. मी पट्टीवर बसले तोच काका हात धुऊन आले आणि भाताचे घमेले उचलू लागले. अदलाबदलीच्या नियमाला विरोध करणाऱ्या मावशी माझ्या शेजारीच होत्या. त्या अर्ध्या उठल्या. "बसा ना बाई," काका म्हणाले, "आमच्या गावी मीच वाढतो साऱ्याइले." आणि त्यांनी खरोखर सराईत हाताने वाढले: भात मधोमध, वर खळगा, खळग्यात वरण, एक थेंब बाहेर नाही. मावशींनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

सगळेच असे जमले नाही. मंडळीतील काही कुटुंबे एका कोपऱ्यात एकत्र बसली आणि मध्ये पर्स ठेवून जागा अडवली गेली. हे पाहून मी संतापले होते. पाळकसाहेब म्हणाले की पहिल्या दिवशी बसले हेच पुष्कळ. ऑगस्टपासून आम्ही ताटे वाढून आधीच मांडू लागलो, म्हणजे ज्याला जे ताट मिळेल तेथे तो बसतो. कोपरा थोडा विरळ झाला आहे, मोडलेला नाही.

पावसाळा संपेपर्यंत संख्या कधी सत्तर, कधी पंचवीस अशी हलत राहिली. उरलेले अन्न झाकून लगेच मेयोच्या आवारात पोहोचवतो. ते रात्रीवर ठेवत नाही. मदतीचे हात सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी झाले. ज्यांना हे सुरू करायचे आहे त्यांनी तिसऱ्या-चौथ्या महिन्यासाठी माणसे राखून ठेवावीत, पहिल्यासाठी कोणीही येते. भांडीवाले चाचा एका रविवारी देगची घ्यायला लवकर आले आणि मुलासह जेवायला बसले. रमजानमध्ये त्यांनी आम्हाला इफ्तारीला बोलावले आणि या वेळी मी हातात काहीही न घेता गेले. काका पुन्हा आले नाहीत. त्यांच्या पत्नीला घरी सोडल्याचा फोन सुनेने केला होता.

प्रायोगिक काळ संपल्यावर कमिटीने अहवाल मागितला. छापील नमुन्यात लाभार्थ्यांची संख्या लिहायचा रकाना होता. आम्ही त्यात जेवलेल्या सर्वांची संख्या लिहिली: रुग्णांचे नातेवाईक, दुकानातील पोरे, आम्ही, आमची मुले आणि पाळकसाहेब. खजिनदारांनी हरकत घेतली की मंडळीच्या सभासदांना लाभार्थी कसे धरता, त्याने दरडोई खर्च कमी दिसतो. आम्ही म्हणालो की वरणाचा हिशेब करताना आमचे वरण कुठे दाखवू? बैठकीत यावर बराच वेळ गेला. शेवटी संख्या तशीच ठेवून खाली टीप जोडायची ठरले, मुदतवाढ मंजूर झाली, आणि नोंदणीचे नूतनीकरण मुदत संपण्याआधी करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली.